नव्या विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणाने निकाल खरंच सुधारतो का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजात नव्याने रुजू झालात, प्रथम वर्षाच्या मुलांचं सर्वेक्षण तुमच्याकडे आलंय आणि फाइलला लावण्यापलीकडे त्याचा उपयोग काय, हे कळत नाहीये. उपयोग होतो. मी नाशिकमधल्या एका कॉलेजात बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवतो. अट एवढीच, की ज्या उत्तरावर तुम्हाला काही करता येणार नाही तो प्रश्न विचारू नका, आणि विचारलात तर पंधरा दिवसांच्या आत कुणीतरी ते उत्तर वाचून त्या मुलाशी बोललं पाहिजे.

आमचा पहिला फॉर्म चाळीसेक प्रश्नांचा, इंग्रजीत, आणि फी भरायच्या रांगेत भरून घेतलेला. ‘इंटरनेट आहे का?’ याला जवळपास सगळ्यांचं ‘हो’. आम्ही निर्धास्त होऊन सूचना व्हॉट्सॲपवर टाकायला लागलो. पहिल्या चाचणीला पेठ तालुक्यातली एक मुलगी आलीच नाही. चौकशी केली तर फोन वडिलांचा, आणि वडील द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरीकडे गेलेले, फोन घेऊन. ती खोटं बोलली नव्हती, आम्हालाच विचारता आलं नव्हतं. पुढच्या वर्षापासून फॉर्म मराठीत आला आणि प्रश्न झाला: ‘फोन कोणाचा? दिवसभर तुमच्याजवळ असतो का?’

फॉर्म प्रवेशाच्या दिवशी अजिबात देऊ नका. खरं लिहिलं तर प्रवेश रद्द होईल अशी भीती मुलांच्या मनात असते. युजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१९मध्ये नव्या मुलांना कॉलेजची ओळख करून देणारं ‘दीक्षारंभ’ आणलं, त्या कार्यक्रमाच्या शेवटी, मुलं जरा रुळल्यावर भरून घ्या.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते इंग्रजीच्या प्रश्नाने. ‘इंग्रजी समजतं का?’ विचारलं की मुलं लाजेने ‘हो’ लिहितात. म्हणून आम्ही फॉर्मच्या मागे क्रमिक पुस्तकातला एक उतारा छापला आणि अडलेल्या शब्दाखाली रेघ मारायला सांगितली. मला वाटलं होतं, ‘आयन’, ‘मोल’खाली रेघा येतील. त्या शब्दांना कुणी हातही लावला नव्हता. रेघा होत्या ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘व्हेअरॲज’, ‘हेन्स’ यांच्याखाली. म्हणजे रसायनशास्त्र येत होतं, वाक्य हातात येत नव्हतं. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागल्यावर ते कागद गुणपत्रिकांशेजारी ठेवून पाहिले. प्रॅक्टिकलला चांगली असूनही थिअरीत राहिलेली बरीच मुलं याच शब्दांखाली रेघा मारणारी होती. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, प्रॅक्टिकलच्या आधी अर्धा तास आम्ही नुसतं पुस्तक मोठ्याने वाचतो. त्या तासाला मुलं बोलायला लागली, उत्तरपत्रिका कोरी सोडणं कमी झालं.

बाकीचे प्रश्न साधे. अंतर विचारू नका. पहिली एसटी सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाला, किती वाजता पोचते ते विचारा, म्हणजे सकाळच्या बॅचमधून कुणाला दुपारी हलवायचं ते लगेच ठरतं. घरच्या कामासाठी कोणत्या महिन्यात थांबावं लागतं, ते विचारा. निफाड-दिंडोरीची मुलं द्राक्षाच्या छाटणीमुळे ऑक्टोबर सांगतील, आणि अंतर्गत चाचणी तेव्हाच लावली तर ती कशी येणार? महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, अर्ज भरलाय का, बँक खातं आधारला जोडलंय का, हेही विचारा. शिष्यवृत्ती अडकली की मूल आधी मेस सोडतं, मग कॉलेज.

तुमचे सहकारी म्हणतील, नॅकचं, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचं, विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असतंच की. ते वेगळं आहे. त्यात कॉलेज कसं शिकवतं ते मुलं सांगतात. मूल कुठून, काय ओझं घेऊन आलंय, हे त्यात येत नाही.

फॉर्मवर नाव हवं, नाहीतर मदत कुणाला करणार? पण तो वाचणारी माणसं दोन-तीनच असू द्या आणि हे मुलांना आधी सांगा. वर्गशिक्षकांना ‘आश्रमशाळेतून आलाय, वडील मजूर’ असं कळवू नका; ‘याला दुपारची बॅच द्या’ एवढंच कळवा. पार्श्वभूमी कळली की काही शिक्षक त्या मुलाकडून अपेक्षाच सोडून देतात. हे मी स्टाफरूममध्ये पाहिलंय आणि त्याचा मला अजून त्रास होतो.

आणि शेवटचा प्रश्न हा ठेवा: ‘तुमच्याशी बोलायचं असेल तर कधी फोन करू?’ त्या पेठच्या मुलीने नंतर लिहिलं होतं, ‘सातनंतर, बाबा घरी असले तर.’