जिओडेसिक आणि सदिश क्षेत्र यांचा एकमेकांशी संबंध काय?

तुम्ही विचारलंय की, एमएस्सीच्या वर्गात 'जिओडेसिक म्हणजे दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा रस्ता' असं सांगितलं, सदिश क्षेत्रं, म्हणजे प्रत्येक बिंदूवर एकेक बाण, दुसऱ्याच प्रकरणात शिकवली, मग भौतिकशास्त्रात ही दोन्ही कायम जोडीनं का येतात? मी हिंगोली जिल्ह्यातला, गणित शिकवतो. माझ्या अनुभवात घोटाळा त्या 'सर्वांत जवळचा' पासूनच सुरू होतो.

नांदेडहून संभाजीनगरला जाणारं महावर्तुळ, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणारं वर्तुळ, धरा आणि त्यावरून उलट दिशेनं, अख्खी पृथ्वी पालथी घालून पोहोचा. तोही रस्ता जिओडेसिकच आहे, आणि जवळचा तर मुळीच नाही. जिओडेसिक म्हणजे कुठेही न वळता चाललेला रस्ता. न वळता म्हणजे काय, हे बैलगाडीइतकं स्वच्छ मला दुसऱ्या कशानं सांगता आलेलं नाही.

महाशिवरात्रीला आम्ही गाडीतून औंढ्याच्या जत्रेला जायचो. मागे पाय सोडून बसलं की माळावर उमटत जाणारी चाकोरी दिसायची. गाडी वळली की बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. दोन्ही चाकांच्या एकेका आऱ्याला चिंधी बांधून फेरे मोजा. फेरे सारखे भरले, तर गाडी वळली नाही. तिची चाकोरी हा त्या जमिनीवरचा जिओडेसिक. चढ असो, उतार असो, कसोटी बदलत नाही. शिवाय ही कसोटी गाडीवाल्याला जागेवरच करता येते, शेवटचं गाव कुठलं हे माहीत असायची गरज नाही.

आता हीच गाडी नांदेडहून नीट पश्चिमेला, अक्षवृत्त न सोडता हाका. रस्ता नकाशावर सरळ दिसेल. पण उत्तरेकडचं चाक ध्रुवाच्या जरा जवळच्या, म्हणून जरा लहान वर्तुळावर चालतंय. चाकांमध्ये दीड मीटर अंतर धरलं, तर सुमारे ३७,८०० किलोमीटरच्या पूर्ण प्रदक्षिणेत ते साधारण ३ मीटर कमी चालतं. म्हणजे गाडी सारखी किंचित उजवीकडे वळत होती. विषुववृत्तावर हा फरक शून्य होतो, कारण ते महावर्तुळ आहे.

इथवर सदिश क्षेत्र लागलं नाही, कारण गाडी एकच होती. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. एकट्या गाडीला जमीन वाकलेली आहे हे कधीच कळत नाही. तिच्या लेखी ती सरळ चाललेली असते, सपाट माळावरही आणि गोलावरही. वक्रता कळते ती शेजारच्या गाडीकडे पाहून.

म्हणून एक गाडी नको, शेजारी शेजारी निघालेल्या गाड्यांचा अख्खा ताफा घ्या. प्रत्येक ठिकाणी तिथल्या गाडीच्या दिशेचा आणि वेगाचा बाण काढा. हे झालं पहिलं सदिश क्षेत्र. गाड्या सरळ चालल्यात याचा अर्थ इतकाच, की बाणाच्याच दिशेनं पुढे जाताना तो बाण बदलत नाही. आता एका गाडीपासून शेजारच्या गाडीपर्यंत दुसरा बाण काढा. याला जॅकोबी क्षेत्र म्हणतात, आणि सगळी गंमत यात आहे. सपाट माळावर समांतर निघालेल्या गाड्यांमधलं अंतर तेवढंच राहतं. रांजणाच्या पोटासारख्या फुगीर पृष्ठभागावर त्या एकमेकींकडे झुकतात, खिंडीसारख्या खोगीर आकारावर फाकत जातात. या अंतराचं दुसरं विकलन म्हणजे उणे वक्रता गुणिले अंतर. एवढं एक समीकरण पक्कं झालं, तर अर्धा अभ्यासक्रम हाती आला असं मी मुलांना सांगतो.

भौतिकशास्त्राला हे लागतं, कारण आइन्स्टाइनच्या १९१५च्या सिद्धांतात मोकळेपणानं पडणारी वस्तू अवकाशकाळातल्या जिओडेसिकवरून चालते. साठ फूट खोल विहिरीत दोन दगड शेजारी शेजारी, एक मीटर अंतरावरून, एकदम सोडा. दोघेही पृथ्वीच्या मध्याकडे निघालेत, म्हणून हवेचा अडथळा सोडला तर तळाला पोहोचेपर्यंत त्यांच्यातलं अंतर सुमारे ३ मायक्रॉननं घटतं, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. एकटा दगड पाहून गुरुत्वाकर्षण आहे की नाही यावर वाद घालता येईल. दोन दगडांमधलं घटणारं अंतर मात्र कुठल्याही चौकटीतून पाहिलं तरी पुसता येत नाही.

आमच्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशकाळात उठणाऱ्या लाटा, टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे, तीही याच तत्त्वावर. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३मध्ये तिला मंजुरी दिली. एकमेकींशी काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांत टांगलेले आरसे. हे आरसे आडव्या दिशेनं मोकळे, म्हणजे आपल्या त्या शेजारी शेजारी चाललेल्या गाड्याच. गुरुत्वीय लहर गेली की एक भुजा ताणली जाते, दुसरी आखडते, मग उलट. १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी अशी लहर पहिल्यांदा टिपली, तेव्हा चार किलोमीटरमागे पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण चारशेव्या भागाएवढा होता. ज्या वाटेनं आमच्या गाड्या गेल्या, त्या भागात जॅकोबी क्षेत्र मोजलं जाणार, याचं मला आजही भरून येतं.

दोन गाड्यांऐवजी सगळा ताफा एकदम पाहिला, तर तो आखडतोय, पिळतोय की गरगरतोय हे विचारता येतं. कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरींनी १९५५मध्ये या आखडण्याचं समीकरण मांडलं. पेनरोज आणि हॉकिंग यांचे एकलबिंदूंबद्दलचे, म्हणजे जिथे जिओडेसिक अर्ध्यातच संपतात त्या जागांबद्दलचे, सिद्धांत त्यावरच उभे आहेत. आपल्याकडच्या अभ्यासक्रमात हे नाव ओझरतं येतं, याचं वाईट वाटतं.

अजून एक नातं आहे, तेही थोडक्यात. रांजण चाकावर घडतो, म्हणून किंचित फिरवला तरी तसाच दिसतो. या फिरण्याच्या बाणांना किलिंग क्षेत्र म्हणतात. त्याच्यामुळे जिओडेसिकवर चालताना एक राशी कायम राहते : अक्षापासूनचं अंतर गुणिले उभ्या रेषेशी होणाऱ्या कोनाचा साइन. पोटावरून उभ्या रेषेशी ३० अंशांनी निघालेली वाट रांजणाची त्रिज्या पोटाच्या निम्म्याहून कमी असते तिथे जाऊच शकत नाही. ग्रहांचा कोनीय संवेगही याच कारणानं टिकतो.

सुरुवात वहीवर करा. विषुववृत्तावरून दोन गाड्या नीट उत्तरेला सोडा. त्यांच्यातलं अंतर अक्षांशाच्या कोसाइनप्रमाणे घटतं. त्याचं दोनदा विकलन करा, तेच अंतर उणे चिन्ह घेऊन परत येतं. मग खिंडीसाठी कोसाइनच्या जागी हायपरबोलिक कोसाइन ठेवा, आणि चिन्हाचं काय होतं ते मला कमेंटमध्ये कळवा.