धीर, धारिष्ट आणि तो 'कम्फर्ट झोन'

मिरजेतील एका ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाच्या चिटणीस भगिनींनी विचारले आहे की, दिवाळीच्या सुटीतील त्यांच्या शिबिराचा विषय 'कम्फर्ट झोन सोडा, विश्वासात टिकून राहा' असा ठरला आहे, तर 'कम्फर्ट झोन'ला बरा मराठी शब्द कोणता, आणि टिकून राहण्याच्या गुणाला 'चिकाटी' म्हणावे की 'धीर'. फलक रंगवायला द्यायचा असल्यामुळे उत्तराची घाई आहे, असेही त्यांनी लिहिले आहे.

पहिल्या शब्दावरचा माझा राग जुना आहे. पूर्वी हा शब्द विमा विकणाऱ्यांच्या बैठकीत ऐकू येई. आता तो रविवारच्या उपासनेत पोचला आहे, आणि पाळकसाहेब अब्राहामाची गोष्ट सांगत असोत की पेत्राची, दर पाचव्या वाक्याला 'कम्फर्ट झोन' येतोच. त्याचे मराठी करू पाहणाऱ्यांनी तर आणखी गोंधळ केला आहे. परवा एका पत्रकात 'सुखक्षेत्र' असा शब्द वाचला. ज्या सातारा जिल्ह्यात क्षेत्र माहुली आणि क्षेत्र महाबळेश्वर आहे, तिथल्या माणसाला 'सुखक्षेत्र सोडा' म्हटले तर त्याला वाटेल की यात्रा संपली, आता एस.टी. पकडायची. आपल्याकडे 'चाकोरी' हा चांगला शब्द असताना ही कारागिरी कशासाठी? चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी मातीत पाडलेला चर. 'झोन' म्हटले की माणूस एका जागी बसलेला दिसतो; चाकोरीतला माणूस मात्र चालत असतो आणि आपण पुढे जात आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. वर्षानुवर्षे त्याच बाकावर बसणाऱ्या, तीच गीते म्हणणाऱ्या आणि अर्पणाच्या थैलीत तेवढीच नोट टाकणाऱ्या श्रद्धावंताचे वर्णन यापेक्षा नेमके होणार नाही.

जाता जाता एवढेही सांगतो की, इंग्रजी 'कम्फर्ट'च्या पोटात लॅटिन 'फोर्टिस' म्हणजे 'बळकट' हा शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ बळ देणे असा होता. म्हणूनच जुन्या इंग्रजी बायबलात पवित्र आत्म्याला 'कम्फर्टर' म्हटले गेले, जिथे आपल्या बायबलात 'कैवारी' हा सुरेख शब्द आहे. तेव्हा ज्यांना 'कम्फर्ट' सोडण्याचा उपदेश करायचा आहे, त्यांनी आपण नेमके कोणाला सोडायला सांगत आहोत याचा एकदा विचार करावा.

आता मुख्य मुद्दा. शिबिराच्या विषयात दोन निरनिराळ्या गोष्टी एका दमात मागितल्या आहेत, एक सोडण्याची आणि दुसरी न सोडण्याची, आणि आपली मंडळी या दोन्हींसाठी एकच शब्द वापरते, तो म्हणजे 'धीर'. हा दोष केवळ वक्त्यांचा नाही. आपल्या प्रचलित मराठी बायबलाने तो पाडला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते असे पौल लिहितो, तिथला मूळ ग्रीक शब्द 'हुपोमोने' आहे. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात नेमून दिलेली धाव धीराने धावायला सांगितले आहे, तिथेही तोच शब्द आहे. 'हुपो' म्हणजे खाली (आपल्या 'उप'चाच हा सख्खा भाऊ) आणि 'मेनेइन' म्हणजे राहणे. ओझ्याखालून न सरकणे हा त्याचा गाभा. याला 'धीर' अगदी योग्य आहे.

पण मत्तयाच्या चौदाव्या अध्यायात, रात्रीच्या चौथ्या प्रहरी, वारा समोरचा आणि तारू लाटांनी हैराण झालेले असताना येशू पाण्यावरून चालत येतो आणि शिष्यांना म्हणतो, 'धीर धरा, मी आहे, भिऊ नका.' इथे मूळ शब्द 'हुपोमोने'च्या कुळातला मुळीच नाही. तो आहे 'थार्सेइते'. या शब्दाने मला कैक वर्षे आनंद दिला आहे, म्हणून वाचकांनी थोडे सोसून घ्यावे.

'थार्सोस' म्हणजे हिंमत. भाषाशास्त्रात हे प्रस्थापित आहे की ग्रीकमधला मूळ 'थ', संस्कृतातला 'ध' आणि इंग्रजीतला 'ड' हे एकाच जुन्या ध्वनीचे वारसदार आहेत. संस्कृत 'मधु', मद्य या अर्थाचा ग्रीक 'मेथ्यू' आणि मधापासून केलेल्या दारूचे इंग्रजी नाव 'मीड' एकापुढे एक ठेवले की हे कोणालाही पटेल. त्याच नियमाने ग्रीक 'थार्स-', संस्कृत 'धृष्' आणि इंग्रजी 'डेअर' ही एकाच घरची भावंडे ठरतात. 'धृष्'पासून झाला 'धृष्ट', 'धृष्ट'चा प्राकृतात झाला 'धिट्ठ' आणि 'धिट्ठ'चा मराठीत झाला 'धीट'. म्हणजे गालील समुद्रावर त्या रात्री जो शब्द शुभवर्तमानकाराने लिहिला, त्याचा रक्ताचा नातेवाईक सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांत आजही 'पोरगं लई धीट हाय' या वाक्यात सुखाने नांदतो आहे, आणि आपण मात्र त्या जागी 'धीर' बसवून मोकळे झालो आहोत.

कोणी म्हणेल, धीर काय आणि धीट काय, फरक किती? फरक फार मोठा आहे. आपल्या बोलीत 'धीर धर' याचा अर्थ घसरत घसरत 'थांब, घाई करू नकोस' इथपर्यंत आला आहे. 'दम धर' आणि 'धीर धर' आता एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीतल्या घराघरांत शिरले, तशा वेळी माडीवर अडकलेल्या म्हाताऱ्या माणसाला 'धीर धरा' म्हटले तर तो माडीवरच बसून राहील. त्याला नावेत उतरवायचे असेल तर धीट करावे लागते. तारवातल्या शिष्यांना नुसते बसून राहायचे असते तर 'धीर' चालला असता. पण त्या वाक्यानंतर लगेच पेत्र काय म्हणतो ते पाहावे: मला पाण्यावरून आपल्याकडे येण्याची आज्ञा करा. तो तारवातून उतरतो. पुढे वारा पाहून तो भ्याला आणि बुडू लागला हे खरे, पण बाकीचे अकरा जण भिण्याइतकेही बाहेर पडले नव्हते.

नव्या करारात हे क्रियापद सात ठिकाणी येते आणि सातही ठिकाणी ते आज्ञार्थी आहे. सहा वेळा ते येशूच्या तोंडी आहे. एकदाच लोकांच्या तोंडी आहे, आणि तो प्रसंग शिबिरासाठी मला सर्वांत योग्य वाटतो. यरीहोच्या रस्त्याकडेला बार्तीमय नावाचा आंधळा भीक मागत बसला आहे. तो ओरडतो, लोक त्याला गप्प बसवतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो आणि त्याला बोलावतो. तेव्हा तेच लोक त्याला सांगतात: 'थार्सेइ, ऊठ, तो तुला बोलावत आहे.' आणि मार्क एक बारीकशी गोष्ट टिपतो की, त्याने अंगावरचे वस्त्र टाकले आणि तो उडी मारून उठला. भिकाऱ्याचे वस्त्र म्हणजे आपल्याकडची घोंगडी समजा. तीच अंथरूण, तीच पांघरूण, आणि पुढ्यात पसरली की पैसे झेलायला तीच. डोळे अजून मिळालेले नाहीत, समोर कोण आहे हे दिसत नाही, आणि परत आलो तर घोंगडी त्याच जागी सापडेल याची अजिबात खात्री नाही. अशा माणसाला 'धीर धर, ऊठ' असे सांगणे म्हणजे एका हाताने खांदा दाबून दुसऱ्याने उठवण्यासारखे आहे. 'धीट हो, ऊठ' हेच तिथे बसते.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय तेवीस, इथेही तेच. यरुशलेमेच्या गढीत कोंडलेल्या पौलाला प्रभू रात्री हाच शब्द म्हणतो आणि लागलीच सांगतो की तुला रोममध्येही साक्ष द्यायची आहे. ती कोठडी सोसण्याची समजूत नव्हे, पुढच्या प्रवासाची सूचना आहे. योहानाच्या सोळाव्या अध्यायातल्या 'मी जगाला जिंकले आहे' या वाक्याआधी मात्र 'धीर धरा' मी मान्य करीन, कारण तिथे जगात क्लेश होतील असे आधीच सांगितले आहे आणि दोन्ही अर्थ शेजारी शेजारी उभे आहेत.

'धीट'चे भाववाचक नाम 'धीटपणा' आहेच, पण याहून भारदस्त शब्द हवा असेल तर 'धारिष्ट'. आणि इथे मला सांगलीतल्या एका व्याख्यात्यांशी भांडायचे आहे. त्यांनी भर सभेत असे प्रतिपादन केले की 'धारिष्ट' हा 'धर' अधिक 'इष्ठ' असा असून 'श्रेष्ठ', 'ज्येष्ठ' यांच्या पंक्तीतला आहे आणि त्याचा अर्थ 'सर्वांत घट्ट धरणारा' असा होतो. टाळ्याही पडल्या. पण 'श्रेष्ठ' आणि 'ज्येष्ठ' ही विशेषणे आहेत. 'धारिष्ट माणूस' असे कोणता मराठी माणूस म्हणतो? आपण धारिष्ट करतो, धारिष्ट दाखवतो, अंगी धारिष्ट असावे लागते; ते नाम आहे. ते आले संस्कृत 'धार्ष्ट्य' या नामापासून, आणि 'धार्ष्ट्य' आले त्याच 'धृष्'पासून. 'र्ष' हे जोडाक्षर जिभेला जड गेले की मध्ये 'इ' शिरतो, जसा 'वर्ष'चा 'वरीस' झाला आणि जुन्या मराठीत 'हर्ष'चा 'हरिख' झाला. म्हणजे व्याख्याते जिथे घट्ट धरणे शोधत होते, तिथे खरे तर हात सोडण्याची छाती आहे. अर्थ उलटा करणारी व्युत्पत्ती ही नुसती चूक राहत नाही. ती उपदेशही चुकवते.

माझे एक लाडके मत इथे मांडून घेतो; कोणी ते मानावेच असा आग्रह नाही. संस्कृतात 'धृष्ट'ला उद्धटपणाची छटा आहे, हिंदीत त्याच शब्दाचा 'ढीठ' होऊन तो निलाजऱ्या हट्टी माणसाला लावतात, आणि मराठीने मात्र त्यातला उद्धटपणा गाळून 'धीट' हे कौतुकाचे विशेषण केले. तरी तो जुना वास पुरता गेलेला नाही, आणि विश्वासाच्या व्यवहारात तो जाऊही नये. लूकाच्या अकराव्या अध्यायात मध्यरात्री शेजाऱ्याचे दार ठोठावून तीन भाकरी मागणाऱ्या मित्राची गोष्ट आहे. त्याला भाकरी कशामुळे मिळाली हे सांगताना मूळ ग्रीकात जो शब्द येतो त्याचा सरळ अर्थ निर्लज्जपणा असा होतो. प्रार्थनेत टिकून राहणाऱ्यात इतका निलाजरा धीटपणा असावा, हे सभ्य भाषांतरांत पुसट होते.

साताऱ्याला यासाठी लांबचा दाखला शोधण्याची गरज नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. ते धारिष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण माझ्या मते त्यांचे त्याहून अवघड धारिष्ट 1917 मधले. ब्राह्मण घर सोडले तेव्हा त्यांच्यापुढे मिशनचा आधार होता. वयाची पंचावन्नी उलटल्यावर त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या पगाराचा तो आधारही सोडला आणि साताऱ्यास येऊन 'देवाचा दरबार' मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. मंडळीतल्या अनेकांना हे पटणारे नव्हते. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार मुळे धरण्याआधीच पोरका झाला. त्यांच्या 'ख्रिस्तायन' या काव्याचे सुरुवातीचे थोडेच अध्याय लिहून झाले होते. उरलेले बहुतेक सगळे लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या बाईला अक्षरओळख लग्नानंतर झाली, तिने नवऱ्याचे अर्धवट महाकाव्य अध्यायामागून अध्याय पुढे नेणे, याला मात्र 'धीर'च म्हणावे लागेल, 'हुपोमोने' या अर्थाने, ओझ्याखालून न सरकणारा. प्रश्नकर्त्या भगिनींच्या मिरजेतही डॉ. वॉन्लेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उघडले. कॅनडाहून इकडे येणे धारिष्टाचे होते, पण मिरजेने त्यांना लक्षात ठेवले ते पुढची कित्येक दशके ते तिथेच राबले म्हणून.

राहिली 'चिकाटी'. ती 'चिकट'च्या घराण्यातली, झाडाच्या चिकासारखी चिकटणारी. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्याला ती शोभते आणि तिच्यावर माझा राग नाही. पण चाकोरीतला माणूसही आपल्या चाकोरीला तितक्याच चिकाटीने चिकटलेला असतो, म्हणून ज्या फलकावर पहिल्या ओळीत 'सोडा' आहे त्याच्या दुसऱ्या ओळीत हा शब्द घोटाळा करील.

तेव्हा फलकावर 'चाकोरी सोडण्याचे धारिष्ट, विश्वासात टिकण्याचा धीर' असे लिहावे. रंगाऱ्याला एवढे मात्र बजावून सांगावे की 'धारिष्ट'मधला शेवटचा वर्ण 'ट' आहे, 'ठ' नव्हे. आणि त्याने आपल्या विद्वत्तेने खाली 'य' जोडून 'धारिष्ट्य' केलेच, तर तो अर्धा संस्कृत अर्धा मराठी शब्द पुसून घ्यावा, कारण वर्तमानपत्रांनी तो कितीही रूढ केला असला तरी 'धार्ष्ट्य' लिहायचे नसेल तर 'धारिष्ट'च लिहावे लागते.