तक्रार नसलेल्या माणसाची तपासणी

कोल्हापूर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

हॉटेल-कामगारांच्या आरोग्य तपासणीचे काम तुझ्याकडे आल्याचे समजले. २०११ च्या अन्न परवाना नियमांनुसार ही तपासणी दरवर्षी व्हावी लागते, पण समोर येणारी माणसे धट्टीकट्टी असतात आणि पोटाची तक्रार कुणीच सांगत नाही. तेवढ्यावर शिक्का मारू नकोस. रोगकारक अमीबा पोटात असलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांना काहीच त्रास होत नाही, तरी त्यांच्या शौचातून कोष, म्हणजे टणक कवचातले त्याचे सूक्ष्म रूप, पडतच असतात. आणि जिआर्डिया या आतड्यातल्या दुसऱ्या सूक्ष्म परजीवीचे तर अवघे १० ते २५ कोष दुसऱ्याच्या पोटात गेले तरी पुरतात.

आपल्याकडे मिसळीचा कट उकळता असतो, त्यात कोष तग धरत नाहीत. पण वरून घातलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड आणि ताटातली सोलकढी यांना आच लागलेली नसते. म्हणून चुलीपुढच्या आचाऱ्याइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, लक्ष कांदा चिरणाऱ्याकडे दे.

कोष रोज सारखे पडत नाहीत, त्यामुळे शौचाच्या एका नमुन्यात काही न दिसणे हा पुरावा मानू नकोस. एक दिवसाआड तीन नमुने माग. सापडले ते सगळे सारखेही मोजू नकोस. गोल जंताच्या अंड्यांना संसर्गक्षम व्हायला मातीत दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा तो आचाऱ्याच्या ताज्या अस्वच्छ हातून थेट पसरत नाही. डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी मात्र तशीच्या तशी घातक असतात, आणि आयुष्यात मांस न खाल्लेल्या ग्राहकाच्याही मेंदूत गाठी होऊन त्याला झटके येऊ शकतात. अमीबाच्या निरुपद्रवी भावंडाचे कोष सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तसेच दिसतात, हे ध्यानात ठेवून अहवाल जपून लिही.

अल्बेंडाझोल या जंतनाशकाची एक गोळी देऊन सगळ्यांना मोकळे करण्याचा मोह होईल. अमीबावर ती चालत नाही. हाताला सॅनिटायझर चोळण्यावरही कोषांच्या बाबतीत विसंबता येत नाही. साबण, वाहते पाणी आणि कापलेली नखे हवीत.

ज्याच्यात काही सापडेल त्याचे नाव चारचौघांत घेऊ नकोस. उपचार संपून फेरतपासणी होईपर्यंत त्याला गल्ल्यावर बसवावे आणि पगार कापू नये, असे मालकाला स्पष्ट सांग, नाहीतर पुढच्या वर्षी तो कामगार दुसऱ्याचाच नमुना आणून देईल. आणि सही करण्याआधी हॉटेलाच्या मागच्या बाजूला जा. कामगारांच्या संडासाजवळ नळाला पाणी आणि शेजारी साबण आहे का, ते स्वतः पाहून ये.

तुझा शुभचिंतक