‘यो’वर काट का बसली?

धरमपेठेतल्या एका ताईंनी विचारलंय: “स्पॅनिशच्या वर्गात ‘यो बीबो एन नागपूर’ (मी नागपुरात राहते) असं लिहिलं, तर मॅडमनी ‘यो’वर काट मारली. खालच्या ओळीत ‘एया बीबे एन अमरावती’ (ती अमरावतीत राहते) होतं, त्यातला ‘एया’ मात्र तसाच ठेवला. हा भेद का?”

‘यो बीबो’ व्याकरणात चुकत नाही. पण ‘बीबो’तल्या शेवटच्या ‘ओ’नेच ‘मी’ सांगून झालेलं असतं. त्यावर पुन्हा ‘यो’ आला की वाक्याला जोर चढतो: मी राहते, दुसऱ्यांचं माहीत नाही. आपणही असंच बोलतो. “कुठे आहेस?” “बर्डीवर आहे. येतो दहा मिनिटांत.” यात ना ‘तू’ आला ना ‘मी’, तरी कोणाचा घोळ होत नाही. इंग्रजीत कर्ता असा गाळता येत नाही, आणि आपल्याकडे बहुतेक जण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतात. तो जास्तीचा ‘यो’ तिथून येतो. स्पॅनिश मराठीतून शिकावी असं मला मनापासून वाटतं, ते यासाठीच.

मग ‘एया’ का राहिला? ‘राहते’ म्हटलं की बाई बोलतेय किंवा बाईबद्दल बोलणं चाललंय हे मराठीत लगेच कळतं. स्पॅनिश क्रियापदात लिंग नाही. ‘बीबो’ बाईही म्हणते, पुरुषही म्हणतो. ‘बीबे’ म्हणजे तो राहतो, ती राहते, आणि आदरार्थी ‘तुम्ही राहता’सुद्धा. कोणाबद्दल चाललंय हे आधी ठरलेलं नसेल, तर तिथे सर्वनाम लागतं. आदरार्थी ‘उस्तेद’ हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनापासून झिजून झालाय, म्हणून त्याला तृतीय पुरुषाचं क्रियापद. आपल्याकडे समोर बसलेल्यालाच “साहेब काय घेतील?” म्हणतात, त्याच धाटणीचं.

नियमित क्रियापदं तीन गटांत बसतात: शेवटी आर, एर किंवा इर. ते काढायचं आणि प्रत्यय लावायचा. क्रम असा: मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते. आब्लार (बोलणे): आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. कोमेर (खाणे): कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. बिबीर (राहणे): बीबो, बीबेस, बीबे, बिबीमोस, बिबीस, बीबेन. पाचवं रूप स्पेनमधल्या अनौपचारिक, अनेकवचनी ‘तुम्ही’चं, लॅटिन अमेरिकेत त्याऐवजी सहावंच वापरतात.

शेवटचे दोन गट जवळजवळ सारखे आहेत. फरक फक्त ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’त पडतो, कारण तिथे आघात (उच्चारातला जोर) धातूवरून सरकून प्रत्ययावर जातो. आघाताखाली ‘ए’ आणि ‘ई’ वेगळे टिकले. बाकी ठिकाणी इरवाल्यांनीही ‘ए’च घेतला. म्हणजे तिसरा तक्ता अख्खा पाठ करायची गरज नाही, दोन रूपं लक्षात ठेवली की झालं.

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर वदसि, वदामः, वदन्ति आठवा आणि शेजारी आब्लास, आब्लामोस, आब्लान ठेवा. ‘तू’चा स, ‘आम्ही’चा म, ‘ते’चा न. हा योगायोग नाही. स्पॅनिश लॅटिनमधून आली, आणि लॅटिन व संस्कृत एकाच कुळातल्या. आपल्या ‘राहतोस’मधला ‘स’सुद्धा त्याच ‘सि’कडे जातो.

पण ‘बीबो’ आणि ‘राहतो’ यांच्या ‘ओ’ला मात्र फसू नका. मराठीतला ‘ओ’ पुल्लिंगाचा आहे, म्हणून तर ताई ‘राहते’ लिहितात. स्पॅनिशमधला ‘ओ’ प्रथमपुरुषाचा आहे. तोंडवळा सारखा, नातं काही नाही.

जाता जाता, आपल्या नागपुरी ‘जेवून राहिलो’ला स्पॅनिशमध्ये चांगली जोड आहे: ‘एस्तोय कोमिएन्दो’. मुख्य क्रियापद एकाच रूपात राहतं, पुरुष-वचन सहायक सांभाळतो. फक्त हा सहायक ‘एस्तार’ नियमित नाही. आरने संपत असला तरी त्याचं ‘एस्तो’ होत नाही, ‘एस्तोय’ होतं. त्याचा तक्ता वेगळा पाठ करावा लागेल.