पुण्यात बीआरटी लेन रिकामी दिसली म्हणून बाईक घातली तर किती दंड बसतो?

नियम साधाय, बीआरटी लेन फक्त पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या सिटी बससाठी, अ‍ॅम्ब्युलन्स आणि फायर ब्रिगेडला मुभा, बाकी आपण टू-व्हीलर असो नाहीतर कार, आत जायचं नाही. लेनच्या तोंडाशी तसा बोर्ड असतो, तो नियम मोडला की मोटार वाहन कायद्याचं कलम 177 लागतं म्हणजे पहिल्यांदा 500 पर्यंत आणि परत सापडलात तर 1500 पर्यंत. आणि आत जाऊन उलट्या दिशेने चालवलीत तर प्रकरण कलम 184 वर जातं, तिथे पहिल्याच वेळी 1000 ते 5000 किंवा जेलसुद्धा होऊ शकते. पोलीस दिसला नाही म्हणून सुटलो असं समजू नका, फोटो काढून ई-चलान घरी बसल्या येतं, महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडी नंबर टाकून बघत जा.

पण खरं सांगू का, दंडाचं सोडा हो. ही लेन रस्त्याच्या मधोमध, स्टॉपही मधेच, त्यामुळे प्रत्येक माणसाला झेब्रावरून ही लेन ओलांडूनच बस गाठावी लागते. सातारा रोडला मी रोज बघते, हातात पिशवी धरलेली आजी आधी बस येतीय का बघते, बस मोठी असते लांबूनच दिसते, ती नाही म्हणून पाऊल टाकते आणि तेवढ्यात साठच्या स्पीडने बाईक अंगावर. रिकामी लेन तिच्यासाठी रिकामी ठेवलीय, प्लीज आत घालू नका.