पिकरिंग आणि रँगेल फेलोशिप : मास्टर्सचे पैसे सरकार देतं, मग अट काय?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. न्यू जर्सीत जन्मलेली तुमची लेक कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिला अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत जायचंय, तर पिकरिंग किंवा रँगेल फेलोशिपमधून तिच्या मास्टर्सचा खर्च निघेल का? आणि ग्रीन कार्डवर असलेल्या थोरल्या मुलालाही अर्ज करता येईल का?

मुलाचं आधी सांगतो, कारण ते लगेच आटपतं. नाही. अर्ज भरतानाच अमेरिकन नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड चालत नाही. ग्रीन कार्ड मिळून 5 वर्षं व्हायला आली की (90 दिवस आधीही) नागरिकत्वाचा अर्ज टाकता येतो. शपथ झाली की मग याचा विचार करा.

आता लेकीचं. दोन्ही कार्यक्रम अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे, परराष्ट्र सेवेत येऊ पाहणाऱ्यांसाठी, आणि चालवायला हॉवर्ड विद्यापीठाकडे दिलेले. पिकरिंग 1992 पासून आहे. ज्यांचं नाव त्याला आहे ते थॉमस पिकरिंग काही काळ दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते. रँगेल त्यानंतर दहा वर्षांनी आला. दोन्हींत मिळते ती रक्कम वर्षाला 42,000 डॉलरपर्यंत : ट्यूशनसाठी कमाल 24,000 आणि राहण्या-खाण्यासाठी 18,000, दोन वर्षं. वॉशिंग्टन किंवा न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या खासगी विद्यापीठांची नुसती ट्यूशनच याहून बरीच जास्त असते. म्हणून विद्यापीठ निवडताना एक प्रश्न आधी विचारायचा : या फेलोंना तुम्ही उरलेली फी माफ करता का? काही विद्यापीठं करतात, पण न विचारता कुणी सांगत नाही.

हे पैसे स्कॉलरशिप नव्हेत, ही उचल आहे. ऊसतोडीची टोळी उचल घेऊन हंगामाला बांधली जाते, तसं इथे मास्टर्सनंतर परराष्ट्र सेवेत किमान 5 वर्षं बांधलेली. मध्येच सोडलं तर पैसे परत करायचे. ही अट घरी बसून नीट बोला, नुसती वाचून सही करू नका.

वेळापत्रक असं. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जातो, म्हणजे ती शेवटच्या वर्षात गेल्यावर. जीपीए (कॉलेजच्या गुणांची सरासरी) किमान 3.2 हवा, दोन शिफारसपत्रं, निबंध आणि घरच्या आर्थिक स्थितीची कागदपत्रं लागतात. दोन्हींचे अर्ज वेगवेगळे, आणि दोन्ही भरता येतात. विद्यापीठांच्या प्रवेशाच्या मुदती डिसेंबर-जानेवारीत असतात, तेव्हा फेलोशिपच्या निकालाची वाट पाहत बसायचं नाही, ते अर्ज समांतर भरायचे. शिक्षण अमेरिकेतच, वर्गात बसून, दोन वर्षांची मास्टर्स. ऑनलाइन पदवी चालत नाही. दोन उन्हाळी इंटर्नशिप असतात : रँगेलला एक अमेरिकी काँग्रेसमध्ये, पिकरिंगला परराष्ट्र खात्यात, दुसरी दोघांनाही परदेशातल्या दूतावासात. जागा किती आणि यंदाची जाहिरात कधी, हे त्या वर्षीच्या अधिकृत पानावरच पाहा. जुलै 2025 मध्ये खात्याने 1,300 हून जास्त लोक कमी केले, तेव्हा जुन्या आकड्यांवर विसंबू नका.

निबंधाबद्दल माझं परखड मत : 'मी दोन संस्कृतींमधला पूल आहे' असं लिहू देऊ नका. आपली निम्मी मुलं तेच लिहितात. तिने प्रत्यक्ष काय केलं, कुठे चुकलं आणि मग काय बदललं, हे वाचणाऱ्याला हवं असतं.

निवड झाली म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असं नाही. नियुक्तीआधी वैद्यकीय तपासणी आणि सुरक्षा चौकशी पार करावी लागते, आणि आपल्या घरांमधली गाडी बहुधा इथे अडकते. चौकशीच्या फॉर्मात नातेवाईक कोणत्या देशाचे नागरिक, परदेशात नियमित संपर्क कुणाशी, परदेशी प्रवास, परदेशातली मालमत्ता आणि बँक खाती, सगळं विचारतात. आजी साताऱ्यात आहे, मावसभावंडांशी रोज व्हॉट्सअॅपवर बोलणं होतं, यात काही बिघडत नाही. ते लपवलं तर बिघडतं. तेव्हा आत्ताच तपासा : गावच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं नाव चढलंय का? आजोबांनी ठेवलेल्या मुदत ठेवीत ती सहखातेदार आहे का? तिची परदेशी खाती मिळून वर्षात कधीही 10,000 डॉलरवर गेली असतील, तर त्याची माहिती दरवर्षी अमेरिकी अर्थखात्याला द्यावी लागते. ती दिली नसेल आणि इकडे चौकशीत ठेव उघड झाली, तर प्रश्न ठेवीचा राहत नाही, खरेपणाचा होतो. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) भारतीय कायद्यात नागरिकत्व नव्हे, तरी ते सांगून टाकायचं. आणि हो, न्यू जर्सीत गांजा दुकानात मिळत असला तरी संघीय कायद्यात तो गुन्हाच आहे आणि फॉर्म त्याबद्दलही विचारतो. मुलीशी हे जरा अवघडून का होईना, बोला.

पहिल्या दोन नेमणुका साधारण दोन-दोन वर्षांच्या, कुठे जायचं ते खातं ठरवतं, आणि त्यात व्हिसाच्या खिडकीमागचं कॉन्सुलर काम जवळजवळ अटळ. मुंबईत पोस्टिंग मिळेल आणि आजीकडे रविवारी जाता येईल, असं गृहीत धरू नका.

तिला राजनयापेक्षा विकासकामात रस असेल, तर एक गोष्ट बदलली आहे. न्यू जर्सीचेच काँग्रेस-सदस्य डॉनल्ड पेन यांच्या नावाची, यूएसएड या अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेची पेन फेलोशिप जुन्या लेखांमध्ये अजून सापडेल. यूएसएडचं स्वतंत्र कामकाज 1 जुलै 2025 ला थांबलं आणि उरलेलं परराष्ट्र खात्यात गेलं, तेव्हा तो रस्ता धरून चालू नका. त्याऐवजी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक कार्यक्रमाचा विचार करता येईल : प्रशिक्षण धरून 27 महिने परदेशात काम, आणि परतल्यावर कव्हरडेल फेलो म्हणून सहभागी विद्यापीठांमध्ये मास्टर्सच्या फीत सवलत. सवलत किती, ते प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं, म्हणून पीस कोअरला जाण्याआधीच दोन-तीन विद्यापीठांना ईमेल टाकून ठेवा.