आतड्यांचं आरोग्य आणि लिव्हरच्या रक्तवाहिन्यांचे आजार यांचा खरंच संबंध असतो का? सोनोग्राफीत पोर्टल हायपरटेन्शनच्या, म्हणजे लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढल्याच्या, खुणा आहेत, लिव्हर मात्र ठीक आहे. प्रोबायोटिक सुरू करू का?

संबंध आहे, चांगला जवळचा आहे. प्रोबायोटिकने मात्र शीर मोकळी होत नाही, तेवढे पैसे वाचवा.

जठर, आतडी, पानथरी यांचं सगळं रक्त पोर्टल व्हेनमधून आधी लिव्हरमध्ये जातं. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण ७५ टक्के या एका शिरेतून येतं. त्यामुळे आतड्यातून जंतू किंवा त्यांचं विष रक्तात शिरलं तर पहिला मार हिलाच बसतो. तिचे लिव्हरमधले बारीक फाटे अरुंद झाले की बंधाऱ्याचं दार अडकल्यासारखं रक्त मागे तुंबतं. पानथरी वाढते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. लिव्हर बिचारं काम करतच असतं.

माझ्या धाकट्या भावाला हेच झालं. औरंगाबादला पॉलिटेक्निकला होता. आधी नुसता थकवा आणि प्लेटलेट कमी. डेंग्यू असेल म्हणून सलाईन लावलं, आईने पपईच्या पानांचा रस पाजला. मोठी झालेली पानथरीच प्लेटलेट अडवून ठेवते हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, पोटावर हात ठेवून कुणी तपासलंही नाही. मग एका रात्री मेसमधून जेवून आला आणि बेसिनमध्ये रक्ताची उलटी. काळ्याभोर गाठी. त्याच्या आदल्या दिवसापासून शी डांबरासारखी होत होती, ते त्याने लाजून सांगितलं नव्हतं. दवाखान्यात पहिला प्रश्न, "किती पितो?"

आमचं घर माळकरी. अण्णांची वारी कधी चुकली नाही. त्या माणसाला व्हरांड्यात उभं करून पोराच्या दारूबद्दल विचारत होते. डॉक्टरांचं एक वेळ समजू शकते, त्यांना विचारावंच लागतं. पण आमचे काका! "पोरं बाहेर शिकायला ठेवली की असंच होतं," असं गावभर सांगत सुटले. एंडोस्कोपीत फुगलेल्या शिरांना रबरी बँड लावून बांधलं, डॉप्लर म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी झाली, मानेतल्या शिरेतून लिव्हरची बायोप्सी झाली. सिरॉसिस, म्हणजे लिव्हर खराब होऊन कडक होणं, नाही. रिपोर्टवर एनसीपीएफ, म्हणजे नॉन-सिरॉटिक पोर्टल फायब्रोसिस. हल्ली याला पोर्टो-सायनुसॉयडल व्हॅस्क्युलर डिसऑर्डर या मोठ्या नावाखाली धरतात. दारूचा काडीचा संबंध नाही. काकांना रिपोर्ट दाखवला तर म्हणाले, "रिपोर्ट काय, काहीही लिहितात."

आता आतड्याचं. हा आजार आपल्याकडे गरीब घरांत जास्त दिसायचा. लहानपणी वारंवार होणारे जुलाब आणि आतड्यांचे जंतुसंसर्ग हे त्याचं एक कारण असावं, असं डॉक्टर बरीच वर्षं मानत आलेत. मेलेले ई. कोलाय जंतू सशांच्या पोर्टल व्हेनमध्ये सोडले तेव्हा लिव्हरमध्ये असेच बदल दिसले होते. जपानमध्ये राहणीमान सुधारलं तसा हा आजार कमी झाला. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात टँकरचं पाणी विहिरीत ओतायचे आणि तेच आम्ही प्यायचो. भावाचं पोट कायम बिघडलेलं. त्याला त्यामुळेच झालं असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही, पण दारूपेक्षा मला हे कारण हजारपट पटतं.

सिलिअ‍ॅकमध्ये, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसणाऱ्यांमध्येही हा आजार आढळतो. त्याची रक्ततपासणी करून घ्या, गहू बंद करायच्या आधी. आधीच बंद केला तर रिपोर्ट फसवा येतो. अपेंडिक्स पिकलं किंवा क्रोन्ससारखी आतड्यांची सूज असली तर पोर्टल व्हेनमध्ये गुठळीही होऊ शकते. उलट्या दिशेनेही चालतं. प्रेशर वाढलं की आतड्याचं अस्तर सुजतं आणि जंतू आणखी सहज आत शिरतात.

म्हणून पोटाच्या डॉक्टरांकडे जा, शक्यतो लिव्हरवाल्यांकडेच. एंडोस्कोपी टाळू नका. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका. लिव्हर साफ करणारं चूर्ण म्हणून कुणी पुडी आणून दिली तर घेऊ नका, आमच्याकडे तीही काकांनीच आणली होती. आणि घरात कुणी "पीत असेल" म्हणालं तर तिथल्या तिथे तोंडावर सांगा, मागाहून रिपोर्ट दाखवून उपयोग होत नसतो.

हो, एक राहिलं. मी डॉक्टर नाही, आणि तुमचा आजार नेमका कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही. बड-कियारी असेल तर अडथळा लिव्हरमधून बाहेर पडणाऱ्या शिरांमध्ये असतो. तिथे रक्त गोठण्याच्या तपासण्या आधी येतात, आतडी नंतर. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हे वाचून बंद करू नका.